खाकरणारा सायलेन्सर

मोटारीच्या खाली वाकून पाहणारी माणसं जगात थोडी. मी त्यांतला एक. नोकरीची सगळी वर्षं मी सायलेन्सर बनवणाऱ्या कारखान्यात काढली, आणि निवृत्त झाल्यावर लोक जसे गावाकडे घर बांधतात किंवा गुडघ्यांच्या मागे लागतात, तशी मी भोसरीत एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली आणि जुन्या गाड्यांचे सायलेन्सर बनवू लागलो. या अंकाच्या संपादकांनी ‘आपल्या क्षेत्रातला संघर्ष’ असा विषय सुचवला होता. संघर्ष म्हणावं असं माझ्या हातून काही घडलेलं नाही. पाइप मात्र पुष्कळ पाहिले. तेव्हा पाइपाबद्दलच लिहितो.

सायलेन्सर म्हणजे गाडीच्या मागे दिसते ती नळी, असा सार्वत्रिक समज आहे. ती फक्त शेपटी. इंजिनापासून निघालेला पाइप गाडीच्या पोटाखालून मागे जातो, आणि मधे एक डबा असतो. डब्याच्या आत भोकं पाडलेले आडवे पडदे असतात. धूर त्या पडद्यांमधून वळणं घेत जातो आणि त्याचा आवाज जिरतो. सगळी विद्या एवढीच. बाकीचं सगळं गंजाशी भांडण.

हा गंज बाहेरून येतो असं लोकांना वाटतं. चिखल, पाऊस, रस्ता. प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त सायलेन्सर आतून जातात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं, हे मी सांगतो तेव्हा समोरचा माणूस माझ्याकडे संशयाने पाहतो. पण ते खरं आहे. गाडी तासभर पळाली की पाइप तापतो आणि ते पाणी वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत इंजिन बंद केलं, तर तीच वाफ गार पाइपात पाणी होऊन बसते, काजळीत मिसळते, थोडी आंबट होते आणि पत्रा खायला सुरुवात करते. म्हणून रोज घाट चढणाऱ्या टॅक्सीचा सायलेन्सर टिकतो, आणि बंगल्याच्या पोर्चमध्ये पांघरूण घालून जपलेल्या गाडीचा आधी जातो.

आता जुन्या गाडीला पाइप कशाचा बसवायचा? साधं पोलाद, म्हणजे आमच्या भाषेत एमएस, ते जाड असतं, वाकतं छान, आवाज पोटात ठेवतं आणि गंजतं. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पत्रा मिळतो. तो बऱ्यापैकी टिकतो, पण वेल्डिंगच्या जागी मुलामा जळतो आणि गंज नेमका तिथूनच आत शिरतो. मग स्टेनलेस. त्यातही एक चुंबकाला चिकटणारं. हल्लीच्या कंपनीच्या गाड्यांना तेच असतं. काही महिन्यांत ते तपकिरी दिसायला लागतं आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. दुसरं घरातल्या ताटवाटीच्या जातीचं, चकचकीत. ते गंजत नाही म्हणून पातळ घेतात, आणि पातळ घेतलं की ते गातं. म्हणजे इंजिनाचा घनगंभीर आवाज जरा पितळी होतो. कानाला चटकन कळत नाही. बहुतेकांना कधीच कळत नाही.

मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, गाडी किती चालते? यावर खरं उत्तर देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एका डॉक्टरांनी ‘रेग्युलर’ म्हणून सांगितलं. रेग्युलर म्हणजे दर दसऱ्याला, लिंबावरून. पिंपळे गुरवचे एक गृहस्थ पाइपात चेहरा दिसला पाहिजे असा आग्रह धरून बसले होते. पाइप गाडीच्या खाली असतो आणि तिथे चेहरा न्यायचा कसा, हे त्यांनी सांगितलं नाही. मी पॉलिश करून दिला.

शेडमध्ये माझ्याबरोबर सलीमभाई असतात. कागदावर वेल्डर, प्रत्यक्षात भागीदार. मूळचे उदगीरकडचे, पण त्यांची उभी हयात पिंपरीच्या गॅरेजांमध्ये गेली. त्यांचा टाका पाहिला की कुणी शिवणयंत्रावर घातलाय असं वाटतं, आणि तसं कुणी म्हटलं की त्यांना राग येतो, कारण यंत्र इतकं सरळ शिवत नाही असं त्यांचं मत आहे. त्यांची एक रीत आहे. कुठल्याही गाडीचा काढलेला जुना सायलेन्सर ते लगेच भंगारात देत नाहीत. गाडीचा नंबर खडूने लिहून मागच्या भिंतीला टांगून ठेवतात. पाव्हण्यांना ती भिंत एखाद्या शिकाऱ्याच्या दिवाणखान्यासारखी वाटते. मला ती अडगळ वाटायची. बाळासाहेबांची गाडी येईपर्यंत.

बाळासाहेब चाकणच्या अलीकडच्या एका गावचे. गावाच्या शेतांवर आता कारखाने उभे आहेत आणि शेतांच्या मालकांच्या दारात मोठ्या पांढऱ्या गाड्या. बाळासाहेब स्वतःही पांढरे. कडक इस्त्रीचा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. चौकातल्या फ्लेक्सवर ते वर्षभर कुणाला ना कुणाला शुभेच्छा देत असतात. काळा चष्मा लावून शुभेच्छा का द्यायच्या असतात, हे मला अजून कळलेलं नाही. पण माणूस मोकळा. आल्या आल्या मला ‘सर’ आणि सलीमभाईंना ‘मामू’ करून टाकलं.

“सर, तात्यांचा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आहे,” ते म्हणाले. तात्या म्हणजे त्यांचे वडील. “तात्यांची अ‍ॅम्बॅसडर पुढं, तिच्या मागं ढोल-ताशा. गाडी एकदम हायफाय करायला घेतलीय. कलर झाला, सीटा झाल्या, स्टिअरिंगला लेदर. आता खालचं काम तुमच्याकडं. बेस्टमधलं बेस्ट टाका.”

मी नेहमीचा प्रश्न विचारला.

“चालते कुठली? तात्यांची नजर गेली काचबिंदूनं. पण रोज सकाळी देवपूजा झाली की पूजेचं ताट घेऊन खाली येतात. गाडीला कुंकू, उदबत्ती. मग ड्रायव्हरनं गाडी चालू करायची, पाच मिनिटं. तात्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात. मग बंद. एक दिवस खाडा नाही.”

सायलेन्सर मारायचा याहून खात्रीचा उपाय मला सुचला नसता. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ही चाल आहे. गाडी लक्ष्मी, तिला रोज जागं करायचं आणि परत झोपवायचं. इतक्या भक्तीने पाणी पाजलेला डबा मी लिफ्टवर पाहिला तेव्हा तो तळाशी चाळणीसारखा झाला होता. कारखान्यात आम्ही पत्र्याला मिठाच्या फवाऱ्यात ठेवून हाल करायचो. त्या फवाऱ्याला जमलं नसतं ते तात्यांच्या पूजेने केलं होतं.

निवड सरळ होती. उभ्या गाडीला स्टेनलेसच हवं. ताटवाटीच्या जातीचं. मी पातळ पाइप घेतला, नव्या पद्धतीचा डबा बनवला आणि सलीमभाईंनी तो असा जोडला की टाके मोजत बसावं. जुना डबा भिंतीवर गेला. गाडी घेऊन जाताना बाळासाहेबांनी पाइपाचा फोटो काढला. माझ्या माहितीत गाडीच्या पोटाचा फोटो काढणारे ते पहिलेच.

चार-पाच दिवसांनी ते परत आले. काळा चष्मा नव्हता.

“सर, घोटाळा झाला. तात्या म्हणतायत ही गाडी आपली नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी जुनी विकली आणि दुसरी आणून उभी केली, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. सकाळी चालू केली, बॉनेटवर हात ठेवला आणि हात काढूनच घेतला. ताट तसंच घेऊन आत गेले. तेव्हापासून गाडीजवळ येत नाहीत. माझ्याशी बोलत नाहीत.”

“हात लावून कळत नाही त्यांना?” सलीमभाईंनी विचारलं.

“हात कशाला लावणार मामू? सीट नवीन, स्टिअरिंगला नवीन कातडं, दाराच्या मुठी नवीन. त्यांच्या ओळखीचं एक मी ठेवलं नाही. आणि मागं एकदा ओढ्याकडचं रान विकलं होतं मी. त्यांना नंतर कळलं. तेव्हापासून मी काही नवीन केलं की त्यांना वाटतं आणखी काहीतरी गेलं.”

सोहळा आठवड्यावर आला होता. पत्रिका वाटल्या गेल्या होत्या, फ्लेक्स छापायला गेले होते. पण बाळासाहेब सोहळ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. त्यांची सगळी अडचण त्या बॉनेटवरून काढून घेतलेल्या हाताची होती. मला माणूस तेव्हा प्रथम आवडला.

मी म्हटलं, “आवाज बदललाय. पाइप पातळ आहे, डबा वेगळा आहे. आपल्याला परत जाड एमएस घालावा लागेल.”

“काय बोलायलाव साहेब!” सलीमभाई उसळले. “इतका झकास पाइप काढून गंजणारा घालायचा?”

“घालायचा.”

“लोक पैसे देऊन एमएसचं स्टेनलेस करतात. आपण उलटं. गल्लीत कुणाला सांगू नका बरं.”

भिंतीवरून जुना डबा उतरवला. पडद्यांची जागा, भोकांचा आकार, पत्र्याचे दोन थर, सगळं मोजून तसाच नवा डबा साध्या पोलादाचा बनवला. पाइप जुन्याच जाडीचा. मला खात्री होती की काम झालं. तात्यांना घेऊन यायला सांगितलं.

तात्या आले. धोतर, टोपी, हातात काठी, चेहऱ्यावर दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखा भाव. मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. चहा दिला. तो त्यांनी बशीत ओतून घेतला.

“तात्या, गाडी चालू करतो. ऐका.”

“ऐकतो की. कान हायेत अजून.”

गाडी चालू झाली. तात्यांनी मान जराशी कलती केली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो, बाळासाहेब जमिनीकडे.

“जवळ आलंय,” तात्या म्हणाले. बाळासाहेबांनी श्वास सोडला.

“बंद करा.”

सलीमभाईंनी चावी फिरवली. इंजिन थांबलं. तात्या ऐकतच राहिले. मग त्यांनी बशी खाली ठेवली.

“न्हाई. ही न्हाई.”

“तात्या, अहो तीच आहे!” बाळासाहेब जवळजवळ ओरडले. “नंबर वाचून दाखवू का?”

“नंबर तूच वाचनार व्हय? मंग तर झालंच.” तात्या माझ्याकडे वळले. “सायेब, आमची गाडी बंद झाली की खाकरती. म्हाताऱ्या मानसासारखी. ही गप बसली.”

सलीमभाई उठले, भिंतीजवळ गेले आणि जुना डबा काढून कानाजवळ हलवला. आत काहीतरी खळखळलं. तात्यांची मान एकदम तिकडे वळली.

आम्ही डबा उभा कापला. मागचा पडदा एका बाजूने टाक्यातून सुटला होता. इंजिन बंद होताना जो शेवटचा झटका बसतो, त्याने तो डब्याच्या भिंतीवर आपटत असणार. कधी सुटला होता कोण जाणे. मूळ कारखान्यातच कुणीतरी सोमवारी सकाळी घातलेला टाका असेल. गेली काही वर्षं गाडी खाकरत होती आणि तात्यांना ती गाडीची तब्येत वाटत होती.

आता गंमत पाहा. माझ्या नोकरीतलं अर्धं आयुष्य या खळखळीशी लढण्यात गेलं होतं. डबा हलवायचा, आत काही वाजलं की लाल खूण करायची आणि बाजूला टाकायचा. वाजणाऱ्या डब्यांवरून मी लोकांना बोललो, मीटिंगा घेतल्या, भिंतीवर सुविचार लावले. आणि आता मी सलीमभाईंना सांगत होतो की मागचा पडदा एका बाजूने सोडून द्या.

“म्हणजे कच्चा टाका?”

“कच्चा नाही. टाकाच नको. एक बाजू मोकळी ठेवा.”

“साहेब, उद्या कुणी हा डबा खोलला तर म्हणेल सलीमला वेल्डिंग येत नाही.”

“मी लिहून देतो.”

“काय लिहून देता? की सलीमला येतं, पण त्यानं केलं नाही? ते तर अजून वाईट.”

शेवटी तात्याच बोलले. “सलीमभाई, तुमी बाकीचं इतकं पक्कं करा, का त्या एका ढिल्या पडद्यावर कुनाचं ध्यान जानार न्हाई.”

ही विनंती त्यांना पटली. नवा डबा त्यांनी परत उघडला आणि पडदा तीन वेळा बसवला. पहिल्यांदा तो गाडी चालू असतानाच वाजायला लागला. दुसऱ्यांदा वाजलाच नाही. व्यवस्थित चूक करणं हे चूक टाळण्याइतकंच अवघड काम आहे, हे त्या दिवशी आम्हा दोघांना नव्याने कळलं. तेवढा वेळ तात्या खुर्चीवरून हलले नाहीत. बाळासाहेबांचा फोन सारखा वाजत होता. त्यांनी तो अखेर बंद करून खिशात टाकला.

तिसऱ्यांदा इंजिन चालू केलं, तापू दिलं आणि बंद केलं. शेवटच्या झटक्याला मागून आवाज आला, खर्र, टक. अगदी घसा साफ केल्यासारखा.

तात्या उठले. काठी खुर्चीला टेकवली आणि हात पुढे करून चालत बॉनेटपाशी गेले. दोन्ही हात ठेवले. तापलेल्या पत्र्यावर तसेच थोडा वेळ उभे राहिले.

“बाळ्या.”

“हां, तात्या.”

“इकली न्हाईस तर मंग.”

“नाही हो, तात्या.”

“मंग बदलायच्या आधी बोलायचं ना.”

बाळासाहेब हसले की काय झालं ते मला नीट दिसलं नाही. ते गाडीच्या पलीकडे गेले होते.

धंद्याचं बोलणं मी मुद्दाम शेवटाला ठेवतो. “हा पाइप गंजणारा आहे,” मी म्हटलं. “रोज पाच मिनिटं चालू करून बंद केलीत, तर दोन पावसाळ्यांत परत इथे याल. पूजा करा, कुंकू लावा, पण चावी लावू नका. त्याऐवजी आठवड्यातून एकदा गाडी तासभर पळवा. पाइप पूर्ण तापला पाहिजे. देहूपर्यंत जाऊन आलात तरी पुरे.”

“ड्रायव्हरला सांगतो,” बाळासाहेब म्हणाले.

“त्याला गियर टाकता येत न्हाई,” तात्या म्हणाले. या गाडीचा गियर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो, हल्लीच्या मुलांना तो सापडत नाही. “परवा पुढं घ्यायची तर मागं गेला. तुला येतंय. मीच शिकिवलंय.”

“पण तात्या, देहूला काम काय?”

“काम कशाला पायजे?”

स्टेनलेसचा मोठा गुण हा की ते बसवून विसरून जाता येतं. मी ते आयुष्यभर गुण म्हणूनच सांगत आलो. त्या दिवशी बाळासाहेबांना मी नेमकं उलटं देऊन पाठवलं, आणि ते निघाले तेव्हा चालवायला तेच बसले. पहिला गियर टाकताना करकरला. आतून तात्यांचा आवाज आला, “क्लच दाब, क्लच.”

सोहळा झाला. मला निमंत्रण होतं. प्रास्ताविक मूळ आयुष्याइतकंच लांबलं. पाहुण्यांनी तात्यांना ‘काळाच्या पुढे पाहणारे’ म्हटलं. अंध माणसाबद्दल असं बोलताना निदान एकदा अडखळावं, पण ते अडखळले नाहीत. तात्या व्यासपीठावर शांत बसले होते. गाडी मंडपाबाहेर लावताना बंद झाली आणि खाकरली, तेवढ्यापुरती त्यांनी मान वळवली. सलीमभाईंना आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. सलीमभाईंनी शाल घेताना इकडेतिकडे पाहून घेतलं, त्या पडद्याचं कुणी विचारणार तर नाही ना म्हणून.

त्यानंतर बरेच दिवस त्यांची काही खबर नव्हती. बाळासाहेब फ्लेक्सवर दिसायचे, पण फ्लेक्सवरून पाइपाचं काही कळत नाही. अशी वचनं आठवडाभर टिकतात, हा माझा अनुभव. डॉक्टरसुद्धा सकाळी फिरायला जायला सांगतातच की. दोन पावसाळे गेले, तिसरा गेला. मी मनातल्या मनात डबा आतून सडवून टाकला होता.

गेल्या पावसाळ्यानंतर एका सकाळी सलीमभाई आत टाके घालत होते. बाहेर एक गाडी येऊन थांबली आणि खाकरली.

“तात्या आले,” मान वर न करता ते म्हणाले.

गाडीचा आवाज फुटला होता. चालवत बाळासाहेबच आले होते, नेहमीप्रमाणे पांढरे, फक्त केसांतही पांढरं दिसायला लागलं होतं. तात्या शेजारच्या सीटवर. आणखी वाळलेले, पण कान तसेच. मी त्यांना खुर्ची दिली. आम्ही पाइप काढला. खालच्या वळणावर बोटभर भोक पडलं होतं. सवयीने मी तो भाग उभा कापला आणि उजेडात धरला.

आमच्या धंद्यात दोन प्रकारचे मेलेले पाइप असतात. उभ्या गाडीचा आतून सडतो. पापुद्रे सुटतात, ओला काळा गाळ निघतो, वास येतो. हा तसला नव्हता. आत करडी, सुकी, पिठासारखी काजळी होती. पत्रा बाहेरून पातळ झाला होता, उडालेल्या खडीने टोचून टोचून. चाकणचा रस्ता ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको.

“कशानं गेला?” तात्यांनी विचारलं.

मी पाइपाचा तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी कापलेली धार चाचपली, सावकाश बोट आत घातलं, फिरवलं, आणि बाहेर काढून अंगठ्यावर चोळलं.

“कोरडं हाय.”

“हो, तात्या. आतून काही झालं नाही. रस्त्यानं गेला.”

“मंग ठीक हाय,” तात्या म्हणाले, आणि ते काळं बोट त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बाळासाहेबांच्या पांढऱ्या बाहीला पुसलं. बाळासाहेबांनी हात मागे घेतला नाही.